वळवाचा अंदाज : तो कसा बांधतात आणि आपण कसा वाचायचा

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बेळगाव, खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी, कारवार या पट्ट्यात रोज दुपारी एकच प्रश्न असतो. आज पाऊस येणार, की नुसताच गडगडणार? मोबाईलवर ‘यलो अलर्ट’ येऊन पडलेला असतो. शेजारच्या गावात गारा पडतात आणि आपल्या अंगणातली धूळसुद्धा भिजत नाही. दुसऱ्या दिवशी इशारा नसताना तासाभरात गटारे तुंबतात, लग्नाचा मांडव उडतो, वीटभट्टीवरच्या कच्च्या विटांचा चिखल होतो. मग ‘हवामान खात्याचा अंदाज नेहमीसारखा चुकला’ असे म्हणून विषय संपतो.

पुष्कळ वेळा अंदाज चुकलेला नसतो. आपण त्यात जे शोधतो, ते त्यात सांगितलेलेच नसते. जिल्ह्यासाठी दिलेला इशारा आपण आपल्या गल्लीसाठी वाचतो, चोवीस तासांचा अंदाज संध्याकाळच्या पाचसाठी वाचतो आणि सीमाभागात तर कधी कधी दुसऱ्याच राज्याचा इशारा आपला म्हणून वाचतो. म्हणून हा पाऊस तयार कसा होतो, त्याचा अंदाज कशावरून बांधतात आणि त्यातले शब्द नेमके काय सांगतात, हे एकदा सविस्तर.

वळीव, अवकाळी आणि मान्सूनपूर्व

आधी नावाचा घोळ. उन्हाळ्यात पडलेल्या कोणत्याही पावसाला आम्ही बातमीदार सर्रास ‘अवकाळी’ म्हणतो. डिसेंबर-जानेवारीत आंब्याच्या मोहरावर पडतो तो अवकाळी. मे महिन्यात मेघगर्जनेसह येतो तो वळीव, आणि तो वेळेवरच आलेला असतो. खानापूर, चंदगड, आजरा भागातला शेतकरी त्याची वाट बघत असतो. वळवाच्या एक-दोन चांगल्या सरी झाल्या की जमीन नांगरटीला येते आणि मेच्या अखेरीस भाताची धूळवाफ पेरणी करता येते. हवामान खाते याच पावसाला ‘मान्सूनपूर्व सरी’ म्हणते.

पण ज्या सरी शेताला हव्या असतात, त्याच दुसऱ्या कुणाला नको असतात. गोव्यातल्या मिठागरांचा हंगाम मे महिन्यात संपत आलेला असतो. एका जोरदार सरीत तयार मीठ विरघळून जाते. कोकम, सुकी मिरची, फणसाचे पापड, सुकी मासळी अशी सगळी आगोटीची बेगमी याच दिवसांत उन्हात पसरलेली असते. उतरवायचे राहिलेले हापूस आणि काजू झाडावर असतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनपासून सुरू होते, तेव्हा मेच्या शेवटच्या फेऱ्यांवर होड्या समुद्रात असतात. त्यामुळे या पावसाचा अंदाज ही नुसती कुतूहलाची गोष्ट राहत नाही. त्यात पैसा असतो आणि कधी जीवही.

वळीव तयार कसा होतो

या पावसाला तीन गोष्टी लागतात : तापलेली जमीन, दमट हवा आणि हवेला वर ढकलणारे काहीतरी.

मे महिन्यात अरबी समुद्राच्या पूर्व भागाचे पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेले असते. त्यावरून दुपारी जमिनीकडे खारा वारा वाहतो आणि बाष्प आत आणतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच पठारावर आहे. पठार सकाळपासून तापते, तिथली हवा हलकी होऊन वर जाते. पश्चिमेकडून येणारा दमट वारा आणि पठारावरची कोरडी गरम हवा सह्याद्रीच्या आसपास एकमेकांना भिडली, की दमट हवा जोराने वर उचलली जाते. वर गेल्यावर ती थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि ढग वाढू लागतो. थेंब होताना उष्णता बाहेर पडते, ती ढगाला आणखी वर रेटते. तासाभरात हा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट दिसतो. गडगडाट, वीज आणि गारा यांचे माहेरघर म्हणजे हा ढग.

ढगातला पाऊस खाली येताना आपल्याबरोबर थंड हवा खेचत आणतो. ती जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. पावसाआधी दहा-पंधरा मिनिटे एकदम गार वारा सुटतो, धूळ उडते, पत्रे वाजतात, तो हाच. हा वारा पुढे जाऊन तिथली गरम हवा वर ढकलतो आणि शेजारी दुसरा ढग उभा राहतो. एका ढगाचे आयुष्य साधारण अर्धा ते एक तासाचे. पण असे ढगातून ढग जन्मत गेले, तर पाऊस दोन-तीन तास चालतो आणि तालुका ओलांडून जातो.

जुने लोक सांगतात, मान्सून पश्चिमेकडून येतो आणि वळीव पूर्वेकडून. त्यात तथ्य आहे. ढग सरकतो तो जमिनीवरच्या वाऱ्याने नाही, वरच्या थरांतल्या वाऱ्याने. मान्सूनच्या आधी हा वरचा वारा पुष्कळदा पूर्वेकडचा असतो. त्यामुळे पठारावर किंवा घाटमाथ्यावर दुपारी तयार झालेला ढग संध्याकाळी सत्तरी, सांगे, दोडामार्ग या पायथ्याच्या भागावर उतरतो. किनाऱ्याला पोहोचेपर्यंत त्याचा जोर अनेकदा ओसरतो. पणजी-मडगावला नुसता लखलखाट दिसतो आणि वाळपईला धो धो कोसळतो, त्याचे कारण हे.

दोन पाऊस, दोन तऱ्हेचे अंदाज

इथे एक फरक लक्षात ठेवला, तर अर्धा गोंधळ मिटतो. मे महिन्यात आपल्याकडे दोन वेगळ्या तऱ्हेचा जोरदार पाऊस पडतो.

पहिला वर सांगितला तो वळीव. त्याचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा, आयुष्य तासाभराचे. दुसरा पाऊस समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्यामुळे पडणारा. त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा आणि मुक्काम काही दिवसांचा असतो.

२०२५ चा मे महिना या दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण. कोकण किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याची तीव्रता वाढून २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचला. तिथली सर्वसाधारण तारीख १ जून. दुसऱ्या दिवशी गोवा आणि तळकोकण, आणि २६ मे रोजी मुंबई. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. कुलाब्याच्या वेधशाळेने १९१८ च्या मे महिन्यातला २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मागे टाकला. वळवाचे म्हणून धरलेले दिवस आठवडाभरात पावसाळ्यात जमा झाले. धूळवाफ पेरणीला वाफसाच मिळाला नाही, अशी तक्रार त्या वर्षी सगळीकडे ऐकू येत होती.

अशा मोठ्या प्रणालीची चाहूल अंदाजांत काही दिवस आधी लागते. मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ १६ तारखेला गोव्याच्या किनाऱ्यासमोरून गेले, त्याचेही इशारे आधीपासून होते. वळवाच्या बाबतीत मात्र पाच दिवस आधी फक्त एवढेच सांगता येते की, ‘या भागात असे ढग तयार होण्यासारखी हवा असेल.’ कोणत्या गावावर, किती वाजता, हे पाच दिवस आधी जगात कुणीच सांगू शकत नाही. तसे सांगणारा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, तर तो पुढे न पाठवणे बरे.

अंदाज कशावरून बांधतात

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. जानेवारी २०२५ मध्ये त्याला दीडशे वर्षे झाली. आज अंदाजासाठी मुख्यतः चार साधने वापरली जातात.

पहिले, फुगा. पणजीसह देशातल्या ठराविक केंद्रांवरून हायड्रोजन किंवा हेलियमचे फुगे सोडतात. त्याला बांधलेले यंत्र वर जाताना प्रत्येक उंचीवरचे तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहते. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणावरून दुपारचा हिशेब मांडता येतो. खाली गरम-दमट आणि वर थंड हवा असेल, तर ढग वाढायला भरपूर ऊर्जा आहे असे समजतात. या ऊर्जेच्या मापाला हवामानशास्त्रज्ञ ‘केप’ म्हणतात. पण ऊर्जा असूनही मधल्या थरात गरम हवेचे झाकण बसलेले असेल, तर ढग वर जात नाही. दिवसभर घामाच्या धारा, संध्याकाळी नुसतेच मळभ आणि पाऊस नाही, असे दिवस या झाकणाचे. झाकण उशिरा फुटले, तर कोंडलेली ऊर्जा एकदम मोकळी होते आणि पाऊसही तेवढाच आडदांड येतो.

दुसरे, उपग्रह. इन्सॅट मालिकेतले थ्री-डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला थ्री-डीएस हे उपग्रह ढगांची छायाचित्रे सतत पाठवतात. ढगाचा माथा जितका थंड, तितका ढग उंच. तो किती वेगाने थंड होतो आहे, यावरून ढगाची वाढ कळते.

तिसरे, डॉप्लर रडार. रडारची लहर पावसाच्या थेंबांवर आपटून परत येते. त्यावरून पाऊस कुठे आहे, किती जोराचा आहे आणि ढगातला वारा कसा फिरतो आहे, हे दर काही मिनिटांनी दिसते. वळवासाठी याहून उपयोगी साधन नाही. मात्र आपल्या भागात एक अडचण आहे. पणजी ते बेळगाव हवाई अंतर जेमतेम ८० किलोमीटर, पण मध्ये सह्याद्रीचा कडा उभा आहे. किनाऱ्यावरच्या रडारची जमिनीलगतची लहर डोंगराला अडते. घाटाच्या पलीकडचा उंच ढग दिसतो, त्याच्या पोटाखाली काय चालले आहे ते तितके स्पष्ट दिसत नाही.

चौथे, संगणकावरची गणिती प्रारूपे. यात पृथ्वीवरच्या हवेची जाळीसारखे चौकोन पाडून मांडणी करतात आणि प्रत्येक चौकोनाचे पुढचे दिवस गणिताने काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. तिच्या जाळीचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. आधीच्या प्रारूपाचा चौकोन बारा किलोमीटरचा होता. सुधारणा मोठी आहे. पण पाच-सात किलोमीटरचा ढग सहा किलोमीटरच्या चौकोनात जेमतेम मावतो. त्यामुळे ढग तालुक्याच्या या टोकाला की त्या टोकाला, हे अजूनही निसटते.

बुलेटिनमध्ये आणखी एक वाक्य नेहमी असते : ‘मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकमार्गे दक्षिण तामिळनाडूपर्यंत द्रोणीय रेषा, समुद्रसपाटीपासून ०.९ किलोमीटर उंचीवर.’ हे वाक्य बहुतेक जण सोडून देतात. पण आपल्या भागातल्या वळवाची किल्ली त्यातच असते. दोन दिशांचे वारे जिथे एकमेकांना भेटतात किंवा दिशा बदलतात, ती ही रेषा. ती बेळगाव-धारवाडच्या आसपास आली, की त्या दिवशी ढगांना बळ मिळते.

शब्दांचा अर्थ

अंदाजातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. जागेसाठीचे शब्द असे :

तुरळक ठिकाणी : विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर.
काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के केंद्रांवर.
बऱ्याच ठिकाणी : ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर.
बहुतांश ठिकाणी : ७६ टक्के किंवा अधिक केंद्रांवर.

म्हणजे ‘तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ या अंदाजात चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त ठिकाणे कोरडी राहणार, हे आधीच सांगितलेले असते. आपले गाव कोरडे राहिले, म्हणून अंदाज खोटा ठरत नाही.

पावसाच्या प्रमाणाचे शब्द चोवीस तासांच्या बेरजेवर ठरतात :

मध्यम : १५.६ ते ६४.४ मिलिमीटर.
जोरदार किंवा मुसळधार : ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर.
अति मुसळधार : ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर.
अत्यंत मुसळधार : २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा फूट बाय दहा फुटांच्या पत्र्यावर ६४.५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ६०० लिटर पाणी खाली येते.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, पावसाचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मंगळवारी संध्याकाळचा वळीव बुधवारच्या आकड्यात दिसतो. दोन, पाऊणतासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर रस्त्यावर गुडघाभर पाणी होते, पण नोंदवहीत तो ‘मध्यम’च राहतो. वळवाचे नुकसान एकूण पावसापेक्षा त्याच्या वेगाने होते. आणि ‘ढगफुटी’ हा शब्द साधारण वीस-तीस चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तरच वापरायचा असतो. आम्ही मथळ्यात तो फार स्वस्त करून टाकला आहे.

रंगांचे अर्थही नीट समजून घ्यावेत. हिरवा, काही काळजी नाही. पिवळा, लक्ष ठेवा. नारंगी, तयारीत राहा. लाल, आता हालचाल करा. रंग ठरवताना पावसाची तीव्रता, तो येण्याची शक्यता आणि होऊ शकणारे नुकसान या सगळ्यांचा विचार होतो. पिवळ्या रंगाचा वळीवही झाड पाडू शकतो. वाऱ्यासाठी ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर’ लिहिले असेल, तर तेवढ्यात मांडवाचे कापड आणि सैल पत्रे उडतात.

सीमेवरची अडचण

ढगाला चेकपोस्ट नसते. हवामान खात्याच्या बुलेटिनला असते.

देशाचे ३६ हवामान उपविभाग आहेत. ‘कोकण आणि गोवा’ हा त्यातला एक उपविभाग. पण गोव्याचा इशारा पणजीचे केंद्र देते आणि सिंधुदुर्गचा मुंबईचे. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणून ‘मध्य महाराष्ट्र’, इशारा मुंबईचा. तिथून काही किलोमीटरवरचे बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’मध्ये, इशारा बंगळूरचा. कारवार-जोयडा ‘किनारी कर्नाटक’मध्ये, केंद्र बंगळूरच. त्यामुळे बेळगावचा माणूस मराठी वाहिनीवर कोल्हापूर घाटमाथ्याचा नारंगी इशारा बघतो आणि आपला समजतो. किंवा उलटे होते. आपल्या जिल्ह्याचा इशारा कन्नड किंवा इंग्रजीत आलेला असतो, तो नजरेतून सुटतो.

जिल्ह्यातही फरक आहे. बेळगाव जिल्ह्यात घाटाच्या पावसाचे खानापूर आहे आणि अवर्षणप्रवण अथणी-रायबागही आहे. इशारा मात्र जिल्ह्याला एकच. म्हणून खानापूर, कणकुंबी, चोर्ला भागातल्या लोकांनी बेळगावबरोबर उत्तर गोवा आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांचे इशारे बघावेत. तिन्हीकडे रंग चढलेला असेल, तर त्या दिवशी चोर्ला घाटातून संध्याकाळचा प्रवास टाळलेला बरा.

कर्नाटकातल्या मराठी वाचकांसाठी कन्नड इशाऱ्यातले नेहमीचे शब्द : मळे म्हणजे पाऊस, भारी मळे म्हणजे जोराचा पाऊस, गुडुगु म्हणजे गडगडाट, मिंचु म्हणजे लखलखणारी वीज, सिडिलु म्हणजे कोसळणारी वीज, गाळी म्हणजे वारा, आलिकल्लु म्हणजे गारा, एच्चरिके म्हणजे इशारा. ‘मुंगारु पूर्व मळे’ म्हणजे आपला वळीव. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे विजेच्या इशाऱ्याचे ॲप आहे, त्याचे नावच ‘सिडिलु’.

हैदराबाद, इंदूर, वडोदऱ्याच्या वाचकांना गावे वेगळी असली, तरी रंग आणि शब्द तेच लागू. फक्त आपले केंद्र कोणते ते माहीत हवे : हैदराबादला तिथलेच, इंदूरला भोपाळचे, वडोदऱ्याला अहमदाबादचे.

तीन टप्प्यांत वाचा

अंदाज एकदाच वाचून भागत नाही. तो तीन वेळा वाचायचा असतो आणि दर वेळी वेगळा निर्णय घ्यायचा असतो.

आठवडा आधी : दर गुरुवारी हवामान खाते पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते, आणि रोज पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार इशारा. यावरून मोठे निर्णय घ्या. समुद्रात कमी दाबाची शक्यता आहे का? असेल तर आंबा-काजू उतरवणे, मीठ गोळा करणे, वीटभट्टी पेटवण्याची तारीख पुढे-मागे करणे, या गोष्टी याच टप्प्यावर शक्य असतात.

आदल्या दिवशी : दुपारचे बुलेटिन बघा. ‘तुरळक’ आहे की ‘बऱ्याच ठिकाणी’? द्रोणीय रेषा कुठे आहे? वाऱ्याचा आकडा किती? यावरून उद्या वाळवण पसरायचे का, मांडवाला जादा दोर बांधायचे का, ते ठरवा. इथे साधा व्यापारी हिशेब उपयोगी पडतो. समजा, माल झाकायला मजुरी आणि ताडपत्री धरून पाचशे रुपये लागतात आणि भिजला तर पाच हजारांचा माल जातो. मग पाऊस येण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त असली, तरी झाकणेच परवडते. ‘तुरळक’ अंदाजातही ती शक्यता बऱ्याचदा त्याहून जास्त असते. पाऊस आला नाही, तर पाचशे वाया गेले असे वाटते. हंगामाअखेर हिशेब जमेचाच निघतो.

त्याच दिवशी, तीन तास आधी : वळवासाठी खरा उपयोगाचा टप्पा हा. हवामान खाते पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज देते, त्याला नाऊकास्ट म्हणतात. ‘मौसम’ ॲपवर आणि संकेतस्थळावर तो जिल्हावार मिळतो. तो रडार आणि उपग्रहावर दिसणाऱ्या प्रत्यक्ष ढगांवरून दिलेला असतो, म्हणून जास्त भरवशाचा. दुपारी दोन ते रात्री आठ या वेळेत तो दोन-तीनदा बघायची सवय लावावी. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा कृषी सल्लाही मिळतो.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था लाटांची उंची आणि समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की वादळी वाऱ्याचा इशारा समजावा आणि होडी बाहेर काढू नये.

वीज : इथे हिशेब नाही

माल भिजला तर पुन्हा वाळवता येतो. विजेचे तसे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसे वीज पडून गेली. शेतात, गुरांमागे, झाडाखाली असणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त. वळवाची वेळ आणि शेतातून परतायची वेळ एकच, हे त्यातले दुर्दैव.

पुण्याच्या संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ ॲप आपल्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत नुकतीच कुठे वीज पडली, ते नकाशावर दाखवते आणि सावध करते. मोबाईल नसला, तर कान आणि बोटे पुरेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच आंबे वेचायला धावणे घातक. ढग सरकत असताना मागच्या कडेनेही वीज पडते.

आडोसा नसेल, तर एकट्या झाडाखाली उभे राहू नका. तारेचे कुंपण, विजेचा खांब, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर यांपासून दूर व्हा. उघड्या रानात अनेक जण असाल, तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे झोपू नका. ज्याच्यावर वीज पडली, त्याच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावून मदत करता येते. श्वास किंवा नाडी थांबली असेल, तर छाती दाबून कृत्रिम श्वास द्या आणि १०८ ला फोन करा. या पहिल्या काही मिनिटांत पुष्कळ जीव वाचतात.

दुपारी वारा एकदम पडला, उकाडा असह्य झाला आणि पूर्वेला ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला, की आजी-आजोबा वाळवण उचलायला सांगायचे. ती खूण आजही खरी आहे. तिच्या जोडीला आता तीन तासांचा अंदाज आहे, विजेचा नकाशा आहे. दोन्ही बघून वाळवण आत घ्या आणि रानात असलेल्या माणसाला फोन करून घरी बोलवा. आधी फोन करा, वाळवण नंतर.